एका पायाचा जोडा

निशापेतचा डावा जोडा मोडला तो तिच्याच चुकीने, आणि तेच तिला जास्त लागलं.

बर्फात चालायचे जाळीचे जोडे पायात असताना दोन उंचवट्यांवर पूल बांधल्यासारखं पाऊल टाकायचं नसतं. टोक एका ओंडक्यावर, टाच दुसऱ्यावर आणि मधल्या पोकळीवर आपला सगळा भार, असं झालं की लाकूड कितीही चिवट असो, काडकन जातं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. निशापेतने स्वतः कितीतरी पोरांना कान धरून हे शिकवलं होतं. आणि पन्नाशी उलटल्यावर, पाठीवर सरपणाचा भारा घेऊन येताना, तिनेच तसं पाऊल टाकलं. डोकं ठिकाणावर नव्हतं. डोकं लांब तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, लेकीच्या, मनिआनच्या तंबूत होतं.

जोड्यांची ती चौकट शिमिऊनने वाकवलेली होती. तिच्या नवऱ्याच्या हातची शेवटची. तो गेल्यापासून दोन हिवाळे तिने ती पोटच्या पोरासारखी जपली. तंबूत शिरण्याआधी काठीने हलक्या हाताने बर्फ झाडायचा, झाडाच्या खोडावर जोडे आपटायचे नाहीत. मग बाहेरच टांगायचे, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही इतक्या उंच, कारण कातड्याच्या वाद्या कुत्र्याला मेजवानीसारख्या. आणि चुलीजवळ कधीही आणायचे नाहीत. थंडीत वादी ताठ राहते, उबेला आली की ढिली पडते, आणि दोनचारदा असं झालं की जाळीला पोट सुटतं. "चुलीजवळ नवऱ्याला बसवा, जोड्यांना नको," असं ती नव्या नवऱ्या मुलींना सांगायची. "नवऱ्याला पोट सुटलं तर चालतं."

आता ती चौकट बोटाजवळच्या वळणावर उभी चिरली होती. निशापेतने तिच्यावर ओल्या कातडीची पट्टी गुंडाळून पाहिली, ती सुकू दिली आणि पाय ठेवला. चीर पट्टीखालून पुढे सरकली. उरलेला उजवा जोडा एकटा कशाच्या कामाचा? मग तिने जाळी उसवून वाद्या गुंडाळून ठेवल्या आणि लाकूड चुलीत घातलं नाही, तंबूच्या मागे बर्फात नुसतं उभं करून ठेवलं.

त्या काळी इन्नू माणसं अजून घरांत राहायला गेली नव्हती. पानगळ झाली की लॅब्राडोरच्या आतल्या रानात शिरायचं ते बर्फ वितळेपर्यंत. आणि त्यांच्यात पूर्वापार एक वाटणी होती: चौकट पुरुषाने करायची, जाळी बाईने विणायची. भूर्जाचं झाड निवडणं, फाडणं, वाकड्या सुरीने तासणं, गरम पाणी घालून वाकवणं, हे पुरुषाचं. कॅरिबूच्या, म्हणजे रानातल्या रेनडिअरच्या, कातड्याच्या वाद्या काढणं, त्या भिजवून ताणणं आणि हाडाच्या सुईने जाळी भरणं, हे बाईचं. म्हणजे लग्न झालेल्या माणसाच्या प्रत्येक पावलाखाली दोघांचे हात असायचे. आणि विधवेच्या पायात जोडे यायचे तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याच्या मर्जीने.

निशापेतच्या वाट्याला आला होता दीर, पेनुते.

"पेनुते, माझी चौकट?"

"उद्या, वहिनी. आज लाकूड रुसलंय."

"काल पण रुसलं होतं."

"माझी बायको रुसली तर दोन दिवस बोलत नाही. हे तर भूर्ज आहे."

अन-मनी, त्याची बायको, चुलीपाशी भाकरी उलटत हसायची. पेनुते माणूस वाईट नव्हता. निशापेत लग्न होऊन आली तेव्हा हा शेंबूड पुसायला तिच्याकडे यायचा. दीर-वहिनीत थट्टा चालायचीच, ती नसली तर लोकांना वाटलं असतं की काहीतरी बिनसलंय. पण थट्टेआड लपायला त्याला चांगलं जमायचं. त्याच्या स्वतःच्या जोड्याची एक चौकट तडकली होती. शिबिराभोवती फिरायला ठीक, तळ्यापलीकडे न्यायची नाही. म्हणून तो म्हणायचा, "आधी शिकाऱ्याचे पाय, मग बाकीच्यांचे." यावर बोलायला जागा नव्हती. शिकार नाही तर कुणालाच खायला नाही.

शरद ऋतूत दोन कुटुंबं वेगळी झाली ती यासाठीच. कॅरिबू कमी दिसत होते, एकाच ठिकाणी एवढी तोंडं भरली नसती. मनिआन, तिचा नवरा तुमा आणि तुमाचे म्हातारे वडील तळ्याच्या वरच्या टोकाला गेले. निशापेतही तिकडेच जाणार होती. पोरीचं पहिलंच बाळंतपण आणि त्या तंबूत दुसरी बाई नाही. पण पेनुतेने गळ घातली. "वहिनी, आमच्याबरोबर चल. निदान बर्फ बसेपर्यंत. अन-मनीच्या जाळीतून मासा निसटेल, मी तर निसटेनच."

निशापेतला ते ऐकून बरं वाटलं होतं. हेही खरं. तिच्यासारखी जाळी त्या रानात कुणी विणत नव्हतं, आणि हे तिला ठाऊक होतं.

निघताना तिने मनिआनच्या पोटावर हात ठेवून सांगितलं होतं, "तळं गोठलं आणि बर्फ बसला की मी आलेच. त्याआधी येऊ देऊ नकोस."

"त्यालाच सांग ना आई," मनिआन म्हणाली होती. "माझं कुठे ऐकतंय."

तळं कधीच गोठलं होतं. बर्फ बसून कमरेपर्यंत आला होता. मनिआनचे दिवस भरत आले होते. आणि निशापेत तंबूत बसून होती.

जोड्यांशिवाय माणसाचं जग किती लहान होतं, हे तिला त्या दिवसांत कळलं. तंबूपासून तीन वाटा तुडवलेल्या होत्या. एक सरपणाच्या ढिगाकडे, एक तळ्यावरच्या पाण्याच्या भोकाकडे, एक मांस टांगलेल्या माचाकडे. या तीन वाटांवर ती चालू शकत होती. वाटेच्या कडेला एक पाऊल टाकलं की मांडीपर्यंत आत. एकदा रागाच्या भरात तिने टाकलं. मग कोपरांवर रांगत, धापा टाकत, लाल तोंडाने बाहेर आली. पेनुतेचं कुत्रं वाटेवर बसून तिच्याकडे पाहत होतं.

"तुला चार पाय आहेत म्हणून काय झालं," ती त्याला म्हणाली.

अन-मनीचे जोडे तिने मागून पाहिले. अन-मनी अंगाने काडी. तिचे जोडे तिच्या वजनाचे, चिमणीच्या पायांसारखे. निशापेत ते घालून तळ्याच्या काठापर्यंत गेली आणि प्रत्येक पावलाला गुडघ्यापर्यंत रुतत परत आली.

"मी तुला घसरगाडीवर बसवून ओढत नेलं असतं, वहिनी," पेनुते म्हणाला, "पण आपल्याकडे एकच गाडी आहे. ती मोडली तर मांस कशावरून आणू?"

ती हसली. हसल्यावाचून राहवेना, एवढं ते त्याने तोंड पाडून सांगितलं होतं. पण रात्री चुलीवरच्या भांड्यात बर्फ वितळवायला भरताना तिच्या लक्षात आलं की आपण आज पुन्हा हसून गप्प बसलो.

तंबूत अन-मनी कधीकधी जुन्या जोड्यांची तुटलेली वादी बदलायला बसायची. हाडाची सुई घ्यायची, वादी ओवायची, जाळीचा एक कोपरा भरायची. निशापेतची नजर तिथे जाई आणि हात आपोआप पुढे होई. "दे इकडे. वाया घालवशील कातडं." अन-मनी सुई द्यायची आणि चहाचं पाणी ठेवायला उठायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आठ वर्षं असंच चाललं होतं.

मग पेनुतेने स्वतःची चौकट पुरी केली.

चौकट सुरेख होती. दोन्ही बाजूंनी सारखी वाकलेली, टोकाला किंचित उचललेली, तासलेलं लाकूड लोण्यासारखं गुळगुळीत. त्याने ती निशापेतच्या मांडीवर ठेवली. "घे, वहिनी. हे विण, मग तुझंच काम हातात घेतो. शब्द."

"कुणाचा शब्द?"

"माझा."

"मग कुणा दुसऱ्याचा आण."

तो हसत बाहेर गेला. निशापेतने वाद्या कोमट पाण्यात भिजत टाकल्या. भिजलेली वादी हातात घेतली की ताणायची असते. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली, दुसरं दातात, आणि अंगातली सगळी ताकद लावून, जणू तिच्यातलं खोटं बाहेर काढायचं आहे. न ताणलेल्या वादीने विणलं तर नवी जाळी दिसायला झकास दिसते. पण दमट बर्फात दोन दिवसांत ती ढिली पडते. पुरुष चार फर्लांग गेला की जोडा पायाखाली लोंबायला लागतो.

तिने पहिली वादी ताणली नाही. तशीच सुईत ओवली आणि पहिला टाका घेतला. मग दुसरा. तिच्या मनात आलं, पडू दे ढिली. परत यावं लागू दे याला घरी, रिकाम्या हाताने, आणि बसू दे चुलीपाशी माझ्यासारखं.

तिसऱ्या टाक्याला तिने हात थांबवला. हा जोडा ढिला पडला तर पेनुते चुलीपाशी परत येईलच असं नव्हतं. तळ्याच्या मध्यावर, वाऱ्यात, एक पाय रुतायला लागला की माणूस आधी घामेजतो आणि मग गोठतो. शिमिऊनचा भाऊ होता तो. शिवाय, हे तिने स्वतःशीही फारसं मोठ्याने म्हटलं नाही, आपल्या हातची जाळी लोंबते आहे हे लोकांनी पाहिलं असतं.

तिने टाके उसवले. वादी दातात धरली आणि मान मागे टाकून ताणली.

उजवा जोडा तिने असा विणला की तिच्या स्वतःच्या डोळ्यांना गार वाटलं. बोटाकडे आणि टाचेकडे बारीक जाळी, मधे पाऊल पडतं तिथे जाड वादीची घट्ट वीण, बोटं खाली जायला जागा नेमकी तेवढीच. चौकटीच्या दोन्ही कडांना लाल लोकरीचे छोटे गोंडे. बाहेर फांदीवर टांगून तिने नखाने टिचकी मारली. डफासारखा आवाज आला.

डावी चौकट तिने रिकामीच त्याच्या शेजारी टांगली.

सकाळी पेनुते बाहेर गेला आणि लगेच आत आला. "वहिनी, दुसरा?"

"दुसरा माझ्या चौकटीनंतर."

तो हसला. ती हसली नाही. मग त्याचंही हसू हळूहळू उतरलं.

"एका पायाने कॅरिबू मारू का मी?"

"मलाही एकच पाय आहे."

"वहिनी, थट्टा पुरे."

"थट्टा तूच केलीस, बर्फ पडल्यापासून. मी आज पहिल्यांदा करतेय. मला जमत नाहीये का?"

अन-मनी कोपऱ्यातून म्हणाली, "दुसरा मी विणते ना."

"तू विणलास तर मी खाली आणि कॅरिबू वर," पेनुते म्हणाला, आणि यावर निशापेतलाही हसू आलं. मघापासूनचा ताण जरा सैल झाला. अन-मनीने डोक्यावरची टोपी नीट केली आणि पाणी आणायला गेली.

पेनुते कुऱ्हाड घेऊन, तडकलेल्या जुन्या जोड्यांवर फरफटत, भूर्ज शोधायला गेला. परत आला तो खांद्यावर ओंडका, हातात आता पुरता मोडलेला जुना जोडा आणि तोंडात चार शिव्या घेऊन. पण एकदा काम हातात घेतलं की त्याचे हात खोटं बोलत नसत. जुन्या उजव्याला नवा डावा जुळणार नाही म्हणून त्याने जोडीच धरली. दोन दिवसांत दोन्ही चौकटी तासून, वाकवून, आडव्या पट्ट्या बसवून, दोरीने आवळून तयार. तंबूच्या मागच्या, थंड बाजूला त्याने त्या उभ्या केल्या. "सावकाश वाळू दे. घाई करशील तर रुसतील."

"पुन्हा रुसणं आलंच."

"या वेळी खरंच."

त्याच दिवशी दुपारी वारा सुटला. उत्तरेकडून, जमिनीवरचा बर्फ उचलून आडवा फेकणारा. तळ्याचा पलीकडचा काठ दिसेना, मग अलीकडचाही दिसेना. तिघं तंबूत बसून राहिली. चूल खायला मागत होती, तंबूचं कापड फुगत होतं, बसत होतं. निशापेतच्या वाद्या भिजवून, ताणून, गुंडाळून तयार होत्या. ती अधूनमधून उठून चौकटींवरून अंगठा फिरवायची. ओल्या. अजून ओल्या.

"जाऊबाई, बसा ना," अन-मनी म्हणायची. "बघितल्याने वाळतात का?"

"मनिआनला कळा सुरू झाल्या असतील."

"झाल्या असतील तर झाल्या असतील. तुमा आहे ना."

"तुमाला कुत्र्याची पिल्लं काढता येतात. तेवढंच."

वारा जरा मंदावला तेव्हा पेनुते सरपण फोडायला गेला आणि निशापेत पाण्याला. पाण्याच्या भोकावर नवा बर्फ धरला होता. तो फोडून दोन्ही बादल्या भरेपर्यंत तिला वेळ लागला. परत येताना तंबूच्या दाराशीच तिला वास आला. भूर्जाला ऊब लागली की एक गोडसर, कोवळा वास सुटतो, एरवी किती आवडतो तो. निशापेतच्या हातून एक बादली तिथेच खाली गेली.

आत चुलीवर आडव्या बांधलेल्या दोरीला, जिथे पायतणं आणि मोजे वाळत घालतात तिथे, तिच्या दोन्ही चौकटी टांगलेल्या होत्या. एक वाळल्या पानासारखी पिळवटली होती. ती पाहत असतानाच दुसरीने टोकाच्या वळणावर टक्‌ केलं.

अन-मनी कणीक मळत होती. तिने वर पाहिलं, चौकटींकडे पाहिलं, आणि तिचे पिठाचे हात तसेच हवेत राहिले.

"लवकर वाळतील म्हणून," ती म्हणाली.

"चुलीवर? चुलीवर, अन-मनी?"

"विणलेले जोडे टांगायचे नाहीत, एवढं मला ठाऊक आहे. नुसतं लाकूड चालत असेल असं वाटलं."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही सांगितलं!" अन-मनीचा आवाज एकदम चढला. त्या तंबूत तो असा कधी चढला नव्हता. "कुणीच मला काही सांगितलेलं नाही. आठ वर्षं मी इथे आहे. सुई हातात घेतली की तुम्ही म्हणता, दे इकडे. वादी भिजवली की दे इकडे. माझी आई मी लहान असताना गेली, हे तुम्हाला ठाऊक नाही का? मी कुठून शिकणार होते, झाडाकडून?"

निशापेतने हातातली दुसरी बादली खाली ठेवली. मग तिने विचारलं, "मुद्दाम केलंस?"

अन-मनी खाली बसली, पिठासकट हात मांडीवर ठेवून. "मला नाही ठाऊक, जाऊबाई. लवकर वाळावेत असंही वाटत होतं. तुम्ही जाऊ नये असंही वाटत होतं. तुम्ही गेलात की त्याचे जोडे मला विणावे लागतील, आणि तो सगळ्या रानात सांगत फिरेल."

निशापेत तंबूत खाली अंथरलेल्या देवदाराच्या डहाळ्यांवर बसली. चूल धडधडत होती. तिला रडू येत होतं, पण ते नक्की कशाचं, मनिआनचं की चौकटीचं, की या बाईने आठ वर्षं गिळलेल्या शब्दाचं, ते तिला उलगडेना. आपल्याला तंबूत पेनुतेने कोंडलं, बर्फाने कोंडलं, असं ती इतके दिवस म्हणत होती. दाराला एक अडसर तिनेही घातला होता, रोज थोडा थोडा, मोठ्या कौतुकाने. या घराला तिच्याशिवाय चालू नये असंच तिने बघितलं होतं. आता चालत नव्हतं.

पेनुते सरपण घेऊन आत आला. त्याने वर टांगलेल्या चौकटी पाहिल्या, दोघींची तोंडं पाहिली. निशापेत त्याच्या थट्टेची वाट पाहू लागली. ती आली नाही. त्याने लाकडं हळूच खाली ठेवली.

"माझे घेऊन जा, वहिनी."

"एकच आहे."

"दुसरा विण आणि जा. मी करेन मला नवी चौकट. तोवर माचावर मांस आहे. आणि..." त्याने अन-मनीकडे पाहून डोकं खाजवलं. "पहिल्या बर्फालाच करायला हवी होती तुझी. मला वाटायचं, तू गेलीस की माझं काय?"

निशापेतने वाद्यांचं भांडं ओढलं. पेनुतेची डावी चौकट बाहेरून आणवली. एक वादी काढली, अंगठ्याखाली धरली. आपण विणला तर उद्या उजाडण्याआधी होईल. पण बाहेर वारा पुन्हा उठला होता, उद्या कुणी तळ्यावर पाय ठेवणार नव्हतं. उद्याचा दिवस वाऱ्याचा होता.

तिने वादी सोडली आणि हाडाची सुई अन-मनीपुढे धरली.

"मी?" अन-मनी म्हणाली.

"पीठ धुऊन ये हाताचं."

"जाऊबाई, तुम्ही त्यावरून तळं ओलांडणार आहात."

"म्हणूनच नीट विण."

तो दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस निशापेतला आयुष्यात सगळ्यांत जड गेले. तळव्यांना खाज सुटायची. अन-मनीने वादी हलकी ओढली की निशापेतचे खांदे पुढे सरकायचे. शेवटी तिने दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसणंच पत्करलं.

"वहिनीचे हात बांधून ठेवू का?" पेनुतेने विचारलं. त्याला जरा जीव आला होता.

"तू तुझं तोंड बांध. अन-मनी, ओढ. आणखी. दातात धर, लाजतेस काय, तो बघत नाहीये."

"बघतोय मी."

"मग त्याच्याकडे पाठ कर आणि ओढ."

अन-मनीने पहिली टाच भरली आणि स्वतःच मान हलवून उसवली. निशापेत काही बोलली नव्हती. दुसऱ्यांदा भरली. मधल्या जाड विणीला तिचे ओठ वादीने कापले, तरी ती थांबली नाही. जाळी निशापेतसारखी नव्हती. घरं थोडी मोठी होती, एका बाजूला ओळ किंचित तिरकी जात होती. पण वादी ताणलेली होती. पुरी झाल्यावर अन-मनीने ती तंबूबाहेर नेऊन टांगली, परत आली आणि म्हणाली, "टिचकी तुम्ही मारा."

निशापेतने मारली. उजव्यासारखा डफ नाही वाजला. पण काहीतरी वाजलं.

"गोंडे?" अन-मनीने विचारलं.

"गोंड्यांशिवाय कुणी जातं का बाळंतिणीकडे?"

वारा पडल्यावर सकाळी निशापेत निघाली. दिव्याच्या रुंद सुती वातीच्या पट्टीने पायतणं जोड्यांना बांधली, पाठीवर गाठोडं घेतलं. त्यात थोडं वाळलं मांस, भाकरी, आणि अन-मनीने गुपचूप घातलेली गुंडाळीभर वादी. सुई टोपीत खोचली. पेनुते तुडवलेल्या वाटेच्या शेवटच्या टोकाला उभा होता. त्याच्या पुढे त्याला पाऊल टाकता येत नव्हतं.

"वहिनी, बर्फ कसा आहे ते परत येऊन सांग. मी ऐकलंय की फार छान असतो."

"तुझ्या बायकोला विचार. तिला जोडे आहेत."

पहिलं पाऊल वाटेबाहेर टाकताना तिने श्वास धरला. बर्फ दबला, कुरकुरला आणि त्याने तिला पेललं. मग दुसरं, डावं. तेही.

तळ्यावर वाऱ्याने बर्फ दाबून टाकला होता, चाल सोपी होती. पण कान सोपे नव्हते. उजवा जोडा एक आवाज करायचा, डावा दुसरा, जरा भरड. सगळ्या वाटेवर तिच्या पायांत जणू दोन बायका बोलत होत्या, एक नेटकं आणि एक धीटपणे. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती तळ्यातल्या एका बेटाच्या आडोशाला थांबली. काठीने हलकेच बर्फ झाडला, डाव्या जाळीवर अंगठा फिरवला. टाचेचा एक कोपरा किंचित सैल होता. तिने टोपीतली सुई काढली. पुन्हा अंगठ्याने दाबून पाहिलं. वादी धरून होती. तिने सुई परत खोचली आणि उठली.

उन्हं कलताना तळ्याच्या वरच्या टोकाला धूर दिसला. ती पळाली नाही. दमलेल्या पायांनी पळणारा माणूस पूल करून पाऊल टाकतो. काठावरच्या प्रत्येक ओंडक्याला ती वळसा घालून गेली.

तुमा तंबूबाहेर लाकडं फोडत होता. खरं तर एकच लाकूड पुन्हा पुन्हा फोडत होता. तिला पाहून त्याने कुऱ्हाड टाकली.

"आई! सकाळपासून... अजून नाही... मी पाणी तापवलंय, खूप तापवलंय..."

"पिशील सगळं नंतर. सरक."

आतून मनिआनचा आवाज आला, कण्हत, चिडत, जिवंत. "कोण आहे? आई आहे का ती? आई, किती उशीर! आत ये ना आधी!"

निशापेतने वाकून पट्ट्या सोडल्या. थंडीने बोटं वळत नव्हती. आधी उजवा जोडा झाडला, मग डावा, डाव्याला जरा जपून. कुत्री जवळ येऊन वास घेऊ लागली. तिने त्यांना हाकललं आणि टाचा उंचावून सगळ्यांत वरची फांदी पकडली.

"आई!"

"आले गं. जोडे तर टांगू दे."